भट्टीचा वाटा

सिंदेवाही
१२ सप्टेंबर २०२५

चि. दिव्यानीस,
मंजुषावहिनीचे अ. उ. आ. आम्ही सगळे होतो तसेच आहोत. तू कशी आहेस ते सवडीने कळव.

पत्र पाहून हसशील. फोन असताना वहिनीला हे काय सुचलं म्हणशील. पण एक तर तुमच्या भामरागडकडचा टॉवर पावसाळा लागल्यापासून बंदच असतो. आणि इथून काही बोलावं, तर मामाजींची खाट दाराशीच. तुझ्या बाबांना ऐकू कमी येतं म्हणतात, पण त्यांच्याबद्दल बोललेलं एक अक्षर सुटत नाही. म्हणून दीपिकाच्या वहीतली पानं फाडून लिहिते आहे. त्यावरून ती दोन दिवस माझ्यावर फुगलेली आहे. दहा वर्षांची झाली तरी वहीचं पान म्हणजे तिला काळजाचा तुकडा वाटतो.

मंगळवारी मामाजींना चंद्रपूरला दाखवून आणलं. पायाच्या अंगठ्याची जखम हाडापर्यंत गेली आहे. अंगठा काढावा लागेल असं डॉक्टर म्हणाले, आणि मामाजी लगेच तयार झाले. एका अंगठ्यानं आपलं काही अडत नाही म्हणाले. पण उपाशीपोटी शुगर निघाली दोनशे शहाऐंशी. इतक्या शुगरवर कापलेलं भरून येत नाही, म्हणून डॉक्टर हात लावायला तयार नाहीत. ११ ऑक्टोबरला परत बोलावलं आहे. तोवर दोनशेच्या आत आली तर अंगठ्यावर भागेल. नाही आली आणि जखम वर चढली, तर घोट्यापासून पाय. हे त्यांनी मामाजींच्या तोंडावरच सांगितलं. येताना एसटीत ते खिडकीबाहेर बघत बसले होते. मूल गाव मागे पडल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, की यंदा दिवाळी कोणत्या तारखेला आहे.

त्यांचं मन कुठे आहे ते माझ्या लक्षात आलं. माझं लग्न झालं त्या वर्षीची दिवाळी मला अजून आठवते. दसरा झाला की गावातल्या बायका रवा, मैदा, तूप, साखर डब्यांत भरून नूर मोहम्मदभाईंच्या बेकरीपुढे रांग लावायच्या, आणि आत तुझे बाबा भट्टीसमोर घामानं निथळत सगळ्यांच्या नानकटाया भाजत असायचे. कोणाचा ट्रे कोणाचा ते कळावं म्हणून प्रत्येक घराची खूण वेगळी. कोणी बाटलीचं बूच दाबायचं, कोणी चावी, कोणी काट्याचे टोचे. आणि प्रत्येक घाण्यातल्या पाच नानकटाया भट्टीवाल्याच्या. भट्टी बंद होऊन चार वर्षं झाली, भाई गेले, बायका आता घरीच नाहीतर मोठ्या रस्त्यावरच्या बेकरीत करून घेतात. तरी भट्टीचा वाटा म्हणून पाच-पाच आपल्या घरी येतातच. दसऱ्यापासून यंदाही येतील. त्यात नुसतं तूप आणि साखर.

मामाजींचा भात मी एक मूठभर केला आहे, बटाटा बंद, चहा बिनसाखरेचा. परिणाम असा, की तीन दिवसांपासून ते ताट तसंच सरकवून ठेवतात. तुझे भाऊ राईस मिलमधून अंधार पडल्यावर येतात आणि मलाच म्हणतात की तू त्यांना नीट समजाव. तू नर्स आहेस. घरच्या घरी काही हलकी नानकटाई होईल का, की तिच्यानं त्यांची दिवाळीही होईल आणि पायही राहील? माप लिहून पाठव.

लोभ आहेच, तो थकू देऊ नकोस.

तुझी,
मंजुषावहिनी

◆

उपकेंद्र, ता. भामरागड
२१ सप्टेंबर २०२५

ती. सौ. वहिनींस,
दिव्यानीचा सा. न. वि. वि. तुमचं पत्र भिजत-भिजत परवा पोचलं. बाबांचा अंगठा कळून जीव खाली-वर झाला. इथे तापाची साथ आहे, रोज चाळीस-चाळीस रक्ताचे नमुने घेते आहे, बोटं टोचता-टोचता आता माझीच बोटं दुखतात. रजेचा अर्ज केला होता, दिवाळीपर्यंत कोणालाच सुट्टी नाही असं उत्तर आलं. म्हणून जे करायचं ते तुम्हालाच करायचं आहे, आणि मी फक्त सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, लहानपणापासून हिचं तेच चाललं आहे.

मैदा नकोच. ज्वारीचं आणि गव्हाचं पीठ निम्मंनिम्मं घ्या आणि कोरडंच भाजा. तूप नेहमीच्या निम्मं, कमी पडलेलं दह्यानं भरून काढा. साखर अजिबात नाही, चिमूटभरही नाही. तिच्या जागी मी मोहफुलाची पूड पाठवते आहे, दीड किलो आहे, आलापल्लीच्या एसटीनं येईल. इथल्या अशक्त बायकांना आम्ही मोहाचे लाडू देतो, अंगाला चांगले लागतात. जंगलातली वस्तू, कारखान्याची नव्हे. चव गुळासारखी येते आणि साखर म्हणून काही नाही. त्या बाबांना हव्या तितक्या खाऊ द्या. पोट भरलं की ते ताटावरचा रागही सोडतील.

ओव्हन नाही म्हणून अडू नका. कुकरचं रबर आणि शिट्टी काढा, तळाला दोन वाट्या मीठ पसरा, त्यावर जाळी आणि ताटली. बारीक आचेवर होतात. मापं मात्र बाबांना सांगू नका, नाहीतर चाळीस वर्षांची भट्टी तुमच्या स्वयंपाकघरात उभी राहील.

आणि वहिनी, वाट्याच्या नानकटाया त्यांच्या हाती लागता कामा नयेत. तेवढं डोळ्यांत तेल घालून बघा. तुम्ही तिथे आहात म्हणून मला इथे काम सुचतं.

भाऊला नमस्कार, दीपिकाला एक नवी वही घेऊन द्या. माया आहे तशी राहू द्या.

तुमची,
दिव्यानी

◆

सिंदेवाही
५ ऑक्टोबर २०२५

चि. दिव्यानीस अनेक आशीर्वाद.

पूड पोचली. पिशवी उघडल्याबरोबर शेजारच्या आशाबाई कुंपणावरून विचारत्या झाल्या, की तुझ्या प्रवीणभाऊनं घरी काय सुरू केलं. मी म्हटलं, बिस्किटाचा कारखाना. त्यांना पटलं नाही.

पहिला घाणा मी तुझी पूड येण्याआधीच, नुसत्या ज्वारीच्या पिठाचा आणि दह्याचा करून पाहिला. मामाजींनी एक उचलली, खाटेच्या पायावर ठोकून आवाज ऐकला, आणि म्हणाले की ही जपून ठेव, खाट डुगडुगते तिच्या पायाखाली लावता येईल. मग मला विचारलं की पीठ किती वेळ मळलं. तुझी ताकीद आठवून मी गप्प बसले. त्यावर ते भिंतीकडे तोंड करून झोपले.

दुसऱ्या घाण्याला मोह घातला आणि सगळं बदललं. रंग चहाच्या भुकटीसारखा काळपट, पण वास घरभर. मामाजी उठून बसले. एक मागितली, मग दुसरी, मग बशीच जवळ ठेव म्हणाले. नूरभाई असते तर त्यांना दाखवली असती म्हणाले. दिव्यानी, मला लग्नाला तेरा वर्षं झाली, पण या माणसानं माझ्या हातचं काही भट्टीपर्यंत नेण्याच्या लायकीचं मानल्याचं मला आठवत नाही. मी आत जाऊन थोडा वेळ उगाच भांडी लावत बसले.

तेव्हापासून रोज आठ-दहा जातात. सकाळी चहाबरोबर, दुपारी, संध्याकाळी दीपिका शाळेतून आली की तिच्याबरोबर. मी अडवत नाही, तूच हव्या तितक्या म्हणालीस. कुकरात एका वेळी सातच बसतात आणि एका घाण्याला पाऊण तास. जखमेची पट्टी, इंजेक्शन, शाळेचा डबा, मिलचा डबा आणि वर कुकर. खांदे भरून येतात. पण ते जेवतात, बोलतात. पाणी मात्र फार पितात आणि रात्री तीनतीनदा उठतात. मोहानं घसा कोरडा पडतो म्हणतात. ११ तारखेला चंद्रपूरला जाऊ. शुगर उतरली असेल असं मला मनातून वाटतं आहे.

तुझं पत्र यावं असं रोज वाटतं. आठवण ठेवशीलच.

तुझी,
मंजुषावहिनी

◆

भामरागड
१२ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

आज बाजाराला आले आणि इथे फोन लागला. भाऊनं सांगितलं, तीनशे एक्केचाळीस. मी दोनदा विचारलं. डॉक्टरांनी परत पाठवलं, आता १० नोव्हेंबरची शेवटची तारीख, आणि जखम बोटभर वर चढली आहे असंही तो म्हणाला. गडचिरोलीकडे निघालेल्या गाडीबरोबर हे पत्र देते आहे, ड्रायव्हर थांबला आहे, म्हणून थोडक्यात.

वहिनी, पीठ मी सांगितलेलं, पूड मी पाठवलेली, त्यात साखर नाही. मग साखर आली कुठून? दसरा होऊन दहा दिवस झाले. वाटे आले असणार आणि बाबांनी ते कुठेतरी ठेवले असणार. एवढंच बघायला मी तुम्हाला सांगितलं होतं. पेटी बघा, गादीखाली बघा. जिथून वाटा आला असेल त्या घरी स्वतः जाऊन सांगा, की यापुढे देऊ नका. वाईट दिसेल, दिसू द्या. पाय गेल्यावर कोणाला वाईट वाटून काय उपयोग?

मी तिथे असते तर हे झालं नसतं. लिहायला नको होतं, पण लिहिलं.

दिव्यानी

◆

सिंदेवाही
१९ ऑक्टोबर २०२५

दिव्यानीस, आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं सगळं केलं, ते कळवण्यापुरतं हे पत्र.

मामाजी अंघोळीला गेले असताना त्यांची पेटी उघडली. तळाला पंच्यात गुंडाळलेला बेकरीचा जुना पत्र्याचा डबा होता आणि त्यात वाट्याच्या नानकटाया. खूण वर करून एकावर एक, अशा लावलेल्या की दुकानात लावणार नाहीत. बुचाची खूण कांताबाईची, काट्याच्या टोच्यांची आशाबाईची, चावीची नूरभाईंच्या कमरजहाँ चाचीची. सात घरांच्या खुणा, प्रत्येकीच्या पाच, पस्तीस. मी सगळ्या मोजून पिशवीत भरल्या.

मग त्या सातही घरी गेले. दिवाळीच्या तोंडावर लोकांच्या दारात उभं राहून, आमच्या घरी काही पाठवू नका म्हणून सांगितलं. कांताबाईंनी विचारलं की आमच्या तुपाला काही वास येतो का. आशाबाईंनी मान हलवली, पण संध्याकाळी कुंपणाशी आल्या नाहीत. कमरजहाँ चाचींनी मला पाणी दिलं. त्या म्हणाल्या, की भाईंनी जाताना एकच गोष्ट सांगितली होती, वारलूभाऊचा वाटा चुकवायचा नाही. आता तूच नको म्हणतेस, तर बेटी, तुझं ऐकते. पेला तसाच खाली ठेवून मी निघाले.

मामाजींना दुसऱ्या दिवशी कळलं. मला वाटलं ओरडतील. ते ओरडले नाहीत. रिकामा डबा मागितला, पंच्यानं पुसला आणि परत पेटीत ठेवला. तेव्हापासून ते दोन वेळा भाकरी आणि भाजी खातात, विचारलं तेवढंच बोलतात. मोहाची नानकटाईसुद्धा नको म्हणाले. केलेल्या होत्या त्या दीपिकानं आणि मिलच्या लोकांनी संपवल्या.

काल दवाखान्यात बोट टोचून पाहिलं. दोनशे अठ्ठावीस. पाच दिवसांत एवढी उतरली. म्हणजे तुझंच खरं असणार, मीच लक्ष दिलं नाही.

आज घरात फराळाचं काही केलेलं नाही. दीपिकासाठी चिवडा विकत आणला. तुला दिवाळीच्या शुभेच्छा.

मंजुषा

◆

उपकेंद्र, ता. भामरागड
२७ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. वहिनींस,
शि. सा. न. एरवी नुसतं सा. न. सवयीनं लिहिते, आज खरोखर पायांवर डोकं ठेवून लिहिते आहे.

तुमचं पत्र लक्ष्मीपूजनानंतर तीन दिवसांनी मिळालं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीच बरोबर निघाले म्हणून बरं वाटलं, हे लपवत नाही. मग जेवताना परत वाचायला घेतलं. इथे आमच्याकडे स्वयंपाकाला इसरू म्हणून म्हातारी आहे, गोंडाची, दात दोनच. मला वाचताना पाहून तिनं विचारलं की घरी सगळे बरे ना. मी तिला सगळं सांगितलं. बाबांची शुगर, साखरेऐवजी मोहाची पूड, रोज आठ-दहा, आणि तरी शुगर वाढली, मग वहिनीनं डबा शोधून काढला. ती पीठ मळायची थांबली. मला म्हणाली की बाई, मोह गोड नसता तर त्याची दारू कशाची निघाली असती?

वहिनी, माझ्या हातातला घास हातातच राहिला. सुकलेलं मोहफूल म्हणजे निम्म्याहून जास्त साखरच असते. ती कारखान्यात न होता झाडावर झाली, एवढाच फरक. हे मी पुस्तकात वाचलं आहे, परीक्षेत लिहिलं आहे. अशक्त बाईच्या अंगाला ते लाडू लागतात ते त्या साखरेमुळेच. रोज ते वाटता-वाटता माझ्या डोक्यात मोह म्हणजे औषध एवढंच बसलं. तुम्ही लिहिलं होतं की बाबा फार पाणी पितात, रात्री तीनदा उठतात. असं कोणी रुग्णानं सांगितलं असतं तर मी आधी त्याचं बोट टोचलं असतं. बापाच्या बाबतीत मी ती ओळ वाचून पुढे गेले.

आणि डबा. सात घरं, प्रत्येकीच्या पाच, पस्तीस, हे तुम्हीच मोजून लिहिलं आहे. भट्टीचा वाटा पाचचाच असतो. म्हणजे बाबांनी त्यातली एकही तोंडात घातली नव्हती. ना तुमच्या हातून काही चुकलं, ना त्यांच्या. ती साखर मी एसटीनं पाठवली, दीड किलो, वर तुम्हाला रागावले, आणि तुम्हाला सात दारांत उभं केलं.

उरलेली पूड फेकून द्या किंवा आशाबाईंना द्या. हे पत्र बाबांना वाचून दाखवा, कितीही वाईट वाटलं तरी एकही ओळ गाळू नका.

तुमच्या लोभाला मी पात्र राहिले नाही. तरी तो असला तर मला लागेल.

तुमची,
दिव्यानी

◆

सिंदेवाही
६ नोव्हेंबर २०२५

चि. दिव्यानीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दुपारी घरात कोणी नसताना मामाजींना वाचून दाखवलं, एकही ओळ गाळली नाही. इसरूच्या वाक्यापाशी ते एवढे हसले की ठसका लागला. माझ्या नर्स पोरीनं बापाला पंधरा-वीस दिवस दारूचा माल चारला, म्हणूनच एवढी तहान लागत होती म्हणाले. मग डब्यातल्या पाच-पाचपाशी मी थांबले. मी विचारलं, की खायच्या नव्हत्या तर लपवल्या कशाला. ते म्हणाले की लपवल्या नव्हत्या, ठेवल्या होत्या. खाणार नव्हतो, पाहत होतो. कांताबाईच्या घरी आता सून बूच दाबते, तिचा हात हलका आहे. चाचीची चावी अजून तशीच ठसठशीत उमटते, म्हणजे तिची तब्येत बरी आहे. हे त्यांना बसल्या जागी कळत होतं, आणि मी सगळं पिशवीत भरलं.

राग गेला असं लिहिलं तर खोटं होईल. पण राग धरायला सवड लागते, आणि ती माझ्याकडे नाही. गेला की कळवीन.

तुझं पत्र घेऊन मी परत त्या सात घरी गेले. आधी नको सांगायला गेले, आता चूक झाली सांगायला. आशाबाईंनी एवढंच विचारलं की मग मोह उरला आहे का. तो त्यांना दिला, कुंपण मोकळं झालं. कांताबाई मात्र संध्याकाळी घरी आल्या आणि थेट मामाजींपुढे बसल्या. त्यांच्या मालकांनाही शुगर आहे. तीन वर्षं झाली, कोणाला सांगितलं नव्हतं. भाऊ, साखर-तूप कमी करून भट्टीची चव राहील असं काही माप आहे का, असं त्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी आल्या. बसायला पाट कमी पडले.

मामाजी विचार करून सांगतो म्हणाले. आज सकाळपासून ते खाटेवर बसून बोटांवर काहीतरी मोजत आहेत आणि मला तीनदा विचारलं की घरातलं तूप गाईचं आहे की डालडा.

आजची शुगर एकशे चौऱ्याहत्तर. जखम आहे तिथेच आहे. सोमवारी, १० तारखेला, चंद्रपूरला दाखल करू. तुझ्या भावांना मिलमधून दोनच दिवस सुट्टी मिळाली आहे, पुढचे दिवस मी थांबेन. दीपिका कमरजहाँ चाचींकडे राहील.

तब्येतीची हेळसांड करू नकोस. आमची आठवण येत राहू दे.

तुझी,
मंजुषावहिनी

◆

सिंदेवाही
२४ नोव्हेंबर २०२५

चि. दिव्यानी बाईस,
बाबाचा आशीर्वाद. मी चौथी शिकलो, आन् ते शिकूनही साठ वर्षं होऊन गेली. अक्षर लागलं नाई तर तिथल्या कोण्या शिकलेल्या माणसाले विचार. वहिनी लिहून देतो म्हणे, पण तिच्याबद्दलच लिहायचं आहे तर तिच्या हातून कसं लिहू?

आंगठा गेला. पाय राह्यला. परवा टाके काढले. डॉक्टर म्हणे जखम चांगली भरून राह्यली. मी त्याले म्हटलं भट्टीत भाजून भाजून पक्की झालेली चामडी आहे. तो हसला नाई. शिकलेले लोक कमी हसतात. तू पन आजकाल हसत नाई असं तुझ्या पत्रावरून वाटते. माणूस चुकते बाई. मी एकदा आख्ख्या बारा घरच्या नानकटाईत साखरेच्या जागी मीठ टाकलं होतं. नूरभाईनं सगळ्याइच्या घरी सोता जाऊन माफी मागतली, माझं नाव नाई सांगतलं. त्याच्यापुढं तुझं तर काहीच नाई.

आता कामाचं. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी मी तुझ्या वहिनीले जवळ बसवलं. पाय पाटावर ठेवला आन् परात पुढ्यात घेतली. मैदा नाई, ज्वारी आन् कणीक, तुझंच माप, ते चांगलं आहे. तूप निम्मं. पन दही काऊन टाकता? दह्यानं दगड होते. तूप निम्मं करायचं तर हात दुप्पट लागते. परातीत तूप घ्यायचं आन् तळहातानं घासत बसायचं, पांढरं होऊन फुगतपर्यंत. आर्धा घंटा. मग थोडं तूपही पुऱ्या पिठाले पुरते. साखर चौथाई, विलायची जास्त. आन् नानकटाई सुपारीएवढी करायची. तुमी सगळे माल बदलत बसले, आकार कमी करायचं कोनाच्या डोक्यात आलं नाई. मले दिवसाले एक चालते, मी डॉक्टरले विचारून घेतलं आहे.

मी पाच मिनिटं घासलं आन् माझा हात भरून आला. मग वहिनीनं घासलं. आर्धा घंटा घासलं, मधून मधून खांदा दाबत होती. तिचा खांदा दुखते हे मले तवा कळलं. पंधरा-वीस दिवस ती त्या कुकरपुढं उभी होती, आन् मी खाटेवरून बशी मागत होतो. चाळीस वर्षं भट्टीवर राहून मले पीठ पाहून सांगता येते किती मळलं, पन घरातलं माणूस किती मळलं ते पाहता आलं नाई.

चाचीनं खुणाइचा जुना डबा पाठवला होता. बूच, चावी, काटा, बटन, सगळं तसंच आहे. ती म्हणे तुमच्या घरची कोणती? तवा ध्यानात आलं का आपल्या घराले खूणच नाई. आपल्या घरी सगळी दिवाळी वाट्यावर होत गेली, आपला ट्रे कधी लागलाच नाई. मी डब्यातलं काही घेतलं नाई. वहिनीले म्हटलं हात इकडं आन. तिच्या हातातल्या बांगडीची कड एकेका नानकटाईवर दाबली. आर्धा चांद उमटते. आता हे आपल्या घरची खूण. कांताबाईनं पाह्यली, चाचीनं पाह्यली, सगळ्याइले सांगून ठेवलं.

यापुढं पत्र टाकशील तर पाकिटावर माझं नाई, तिचं नाव टाक. तुझी खबर ती मले सांगते.

सोबत पुडीत नानकटाई पाठवतो, कालच्या घाण्यातली. वहिनीनं तुझ्यासाठी मोजून पाच बांधल्या होत्या. राग गेला का म्हणून मी विचारलं तर म्हणे बांधून तर दिल्या ना. पुडी उघडशील तवा चारच निघतील. एस्टीवाल्यावर आळ घेऊ नको. आजची माझी एक मी त्यातूनच घेतली. भट्टीचा वाटा सोडत नसतात.

जपून राह्य. बापाले विसरू नको.

तुझा बाबा,
वारलू